करमलाचे झाड

पेडण्याच्या आमच्या घराच्या मागल्या दारी न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले एक करमलाचे झाड आहे. कुणी मुद्दाम लावलेले नाही. आजोबांच्या वेळेपासून ते तिथे उभे आहे आणि दरवर्षी वेड्यासारखे धरते. पाच धारांचे ते पिवळसर हिरवे फळ आडवे कापले की चांदणी पडते. शाळेतून आल्यावर ती चांदणी मिठात आणि हरमलच्या मिरचीच्या पुडीत बुडवून खाणे हा आमचा लहानपणचा चहा. त्याच्या पलीकडे, विहिरीला लागून, बिंबलांचे झाड. त्याला तर खोडालाच फळे लगडतात. आई बिंबलां चिरून उन्हात वाळवायची आणि पावसाळ्यात सुंगटांच्या हुमणात टाकायची. कोकम म्हणजे आमची सोलां, कैरी, करमल, बिंबलां. आंबटाणाची एवढी श्रीमंती असलेला मुलूख दुसरा नसेल, असे मला अजून वाटते.

त्या झाडाकडे भीतीने पाहण्याची वेळ येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. ती कशी आली ते सांगतो. त्यात माझा स्वतःचा एक मूर्खपणा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय बाकीचे सांगता येणार नाही.

भाई, म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. जन्मभर मराठी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि रात्री दशावतारात पेटीवर. पेडणे तालुक्यात आणि पलीकडे सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत जत्रांच्या दिवसांत तो पहाटेपर्यंत वाजवायचा आणि सकाळी साडेसातला शाळेत हजर असायचा. झोप कधी घ्यायचा ते वहिनीलाच ठाऊक. मधुमेह चाळिशीत लागला, रक्तदाब त्याच्या मागोमाग आला. दोघांकडेही त्याने पेटीतल्या बेसूर पट्टीकडे करावे तेवढेच लक्ष दिले, म्हणजे वाजवताना ती चुकवायची आणि पुढे जायचे. चार वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी ‘डायलिसिस’ हा शब्द उच्चारला.

हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो १९७५ साली, वर्तमानपत्रातून. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणले. त्यानंतर १९७९ मध्ये जाईपर्यंत ते यंत्राच्या आधारावर जगले. आमचे वडील रोज पेपर वाचून म्हणायचे, “जेपींचं रक्त धुतात म्हणे.” रक्त धुतात! आम्हा पोरांना ते फार चमत्कारिक वाटे. दगडावर कपडे धुतात तसे काहीतरी डोळ्यांपुढे यायचे. पन्नास वर्षांत ते यंत्र जसलोकमधून आमच्या म्हापशापर्यंत येऊन पोचले आणि त्याला आमचा भाई जोडला गेला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेचारला वहिनी उठते. पाच वाजता रिक्षावाला येतो. धारगळ, मग कोलवाळचा पूल, मग म्हापसा. चार तास यंत्रावर. त्या चार तासांत रक्ताच्या शेजारून, मधे एक पातळ पडदा ठेवून, जवळजवळ १२० लिटर औषधी पाणी वाहून जाते. निरोगी मूत्रपिंडे जे काम रात्रंदिवस बिनबोभाट करतात ते यंत्र आठवड्यातल्या बारा तासांत उरकू पाहते. उरलेल्या तासांचे काय? त्या तासांसाठी पथ्य. पाणी मोजून. वहिनीने एका बाटलीवर खुणा केल्या आहेत, दिवसभराचे पाणी त्या बाटलीत. उकड्या तांदळाची पेज ही भाईची जीव की प्राण, पण पेजेतले पाणीही त्या हिशेबातच धरायचे. मीठ कमी. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतायचे, मग पुन्हा भरपूर पाण्यात उकडून तेही ओतायचे, म्हणजे तिच्यातले पोटॅशियम बरेचसे निघून जाते. “आणि चव?” असे भाईने पहिल्या दिवशी विचारले होते. “तीही जाते,” वहिनी म्हणाली.

डाव्या हाताला फिस्टुला केला. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर फुगते आणि तिच्यात जाड सुया घालता येतात. तिथे बोट ठेवले तर आत सतत काहीतरी थरथरत असते, तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावावा तसे. फिस्टुला सहसा ज्या हाताने माणूस कमी कामे करतो त्या हाताला करतात. पण पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे भात्याचा हात. पहिले सहा महिने त्याने पेटी उघडलीच नाही. हात सांभाळायला हवा, त्यावर जड वजन घ्यायचे नाही, एवढेच डॉक्टर म्हणाले होते. भाता ओढू नको असे कुणी म्हटले नव्हते. पण तो धसकला होता.

मी राहतो पर्वरीला. पंधरवड्यातून एकदा पेडण्याला जायचो, तासभर बसायचो, निघायचो. काही करता येत नाही ही गोष्ट माणसाला फार छळते. रक्त धुणारे यंत्र, मोजून पाणी देणारी वहिनी, गाडी चालवणारा रिक्षावाला, यांत माझे काम कुठे? तेवढ्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. निवृत्तीनंतर ते ‘आरोग्य व्यवसायात’ पडले होते. त्यांनी मला एका सभेला नेले. तिथे पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले, की सगळ्या रोगांच्या मुळाशी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ असतो, लोखंडाला गंज चढावा तसा शरीराला चढतो, आणि वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट तो गंज काढतात. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये तर हा गंज कितीतरी जास्त. आणि यावर उपाय म्हणजे हा अर्क. नोनी, आवळा, हळद, द्राक्षाच्या बिया, शेवगा, पुनर्नवा, गोखरू आणि आणखी कितीतरी. संपूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य. बाटलीचे अठ्ठावीसशे रुपये. मी तीन घेतल्या.

वाचकहो, मी अडाणी माणूस नाही. चार पुस्तके वाचलेली आहेत. पण मला त्या दिवशी कुणी विज्ञान विकले नव्हते, एक काम विकले होते. भावासाठी काहीतरी घेऊन जायचे काम.

श्रावण होता. भाईने बाटली हातात घेऊन उलटसुलट केली. “हें कितें?” मी सभेत ऐकलेले सगळे सांगितले. तो हसला, पण दोन झाकणे सकाळी आणि दोन संध्याकाळी घेऊ लागला. का, तर मी आणली होती म्हणून. वहिनीने विचारले, “दोतोराक सांगूं?” आणि आम्ही दोघेही एकदमच म्हणालो, नको. डॉक्टर रागावतील. झाडपाल्याचे तर आहे, त्यात सांगायचे काय?

दोन आठवडे तो टवटवीत दिसला. खरे सांगतो, दिसला. त्याने पेटी खाली काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि एका संध्याकाळी नांदीचे सूर धरले. मी पर्वरीहून फोनवर ऐकले आणि त्या गृहस्थांना तत्काळ फोन करून सांगितले, की गुण आला. ते म्हणाले, “बघा!”

मग अष्टमी आली. आमच्याकडे आणि पलीकडे मालवणी मुलुखात अष्टमीला शेगलाच्या पाल्याची भाजी होते, म्हणजे शेवग्याची. वहिनीने ती दोनदा उकडून पाणी काढून केली, पण नैवेद्याची म्हणून भाईने नेहमीपेक्षा चमचाभर जास्तच घेतली. शेजाऱ्यांनी आडसर आणून दिले, दोन घोट त्याचेही झाले. आणि वरून माझा अर्क. शुक्रवारी डायलिसिस झाले होते, पुढचे थेट सोमवारी. रविवारी संध्याकाळी भाई अंगणातून उठू लागला तर पाय उचलेनात. “कापूस भरलाय पायांत,” म्हणाला. छातीत काही दुखत नव्हते. रात्रभर वहिनी बाजूला बसून राहिली. सोमवारी पहाटे रिक्षावाल्याने त्याला उचलून गाडीत घातले.

रक्तातले पोटॅशियम ७.२ निघाले. निरोगी माणसाचे साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असते. साडेसहाच्या वर गेले की हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात, आणि बऱ्याचदा आधी काही दुखतही नाही. हृदयाच्या आलेखात बदल दिसत होता. शिरेतून कॅल्शियम दिले आणि लगेच यंत्रावर घेतले. मी पोचलो तेव्हा पहिला तास होऊन गेला होता. चाळिशीच्या आतबाहेरचे डॉक्टर होते, त्यांनी फक्त एवढेच विचारले, “नवीन काय खाल्लं?” भाजी, आडसर, सगळे सांगून झाले. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी गाडीतून बाटली आणली.

त्यांनी लेबल शेवटपर्यंत वाचले. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. म्हणाले, “यात पोटॅशियम किती ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवगा किती, नोनी किती, तेही नाही. मग मी काय हिशेब धरू?” थोडे थांबून त्यांनी विचारले, “घरी करमलाचं झाड आहे?”

मला वाटले, ते विषय बदलताहेत. पण तो त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. डायलिसिसला नवा रुग्ण आला की ते त्याच्या घरच्यांना तो विचारतात. आम्हालाही पहिल्या दिवशी विचारला असणार, पण त्या दिवशी आमच्या कानांत काही शिरत नव्हते. मूत्रपिंडे गेलेल्या माणसाने करमल खायचे नाही. थोडेसे नाही, अजिबात नाही. एका फळानेही जिवावर बेतू शकते. आधी उचकी लागते, ती थांबतच नाही. मग ओकाऱ्या, भ्रम, झटके. वेळेवर डायलिसिस मिळाले नाही तर मृत्यू.

घरी परतताना मी हिशेब करत होतो. भाईने या चार वर्षांत करमल खाल्ले होते का? वहिनी म्हणाली, आंबट नको म्हणून त्यानेच सोडले होते. म्हणजे नशीब.

त्यानंतर महिनाभर मी वाचत बसलो. अपराधी माणूस फार वाचतो. जे कळले ते इथे लिहून ठेवतो, कारण पेडण्यात आणि डिचोलीत घरोघरी ही झाडे आहेत आणि घरोघरी आता डायलिसिसचे नाव ऐकू येते.

पहिली गोष्ट ही, की त्या सभेत सांगितलेले निम्मे खरे होते. डायलिसिसच्या रुग्णाच्या शरीरात तो गंज खरोखरच जास्त असतो. मधुमेह असतो, विषारी द्रव्ये साचलेली असतात, रक्त आठवड्यातून तीनदा परक्या पडद्याला घासून जाते, आणि क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी द्रव्ये धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातात. मग वरून अँटिऑक्सिडंट दिले तर फायदा व्हावा असे कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटले. इस्राएलमध्ये ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला, तो २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९६ रुग्ण होते आणि हृदयविकाराचे झटके कमी झाले. लोकांना आशा वाटली. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले, आणि २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला. अँटिऑक्सिडंट घेतल्याने मूत्रपिंडाचे रुग्ण जास्त जगतात असा पुरावा मिळाला नाही. ज्यांची मूत्रपिंडे अजून थोडीफार चालतात त्यांना कदाचित काही उपयोग होत असेल. पण जंतुसंसर्ग आणि हृदय थकणे वाढते की काय, अशी शंकाही निघाली. एवढ्या वर्षांच्या खटपटीनंतर हाती एवढेच. आणि हे मोजूनमापून दिलेल्या औषधांबद्दल. माझ्या बाटलीबद्दल तर कुणी काही मोजलेच नव्हते.

उरलेले निम्मे सभेत कुणी सांगितले नाही. ते असे, की अर्क वनस्पतीचा असतो आणि वनस्पतीत पोटॅशियम असतेच. ते बाहेर टाकायचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. ते दार बंद झाले की निसर्गातली उत्तमातली उत्तम गोष्ट आत अडकून बसते. आडसराचे पाणी घ्या. शंभर मिलिलिटरला सुमारे अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात साधारण दोन ते अडीच हजारांची मर्यादा घालतात. म्हणजे एका आडसरात दिवसाचा चौथा हिस्सा गेला. नोनीच्या रसाचेही तेच. अमेरिकेत २००० साली असा एक रुग्ण नोंदला गेला आहे, जो पथ्य तंतोतंत पाळत असूनही पोटॅशियम वाढलेले निघाले आणि शेवटी कळले की नोनीचा रस चालू होता. पंचवीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली गोष्ट मी पेडण्यात पुन्हा करून दाखवली. आणि रविवारचे म्हणाल, तर २०११ साली अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन दिवसांच्या त्या लांब खंडानंतर मृत्यू आणि इस्पितळात दाखल होणे जास्त आढळले. आमच्या रविवारच्या रात्रीला एक आकडा आहे हे वाचून मला बरे वाटले नाही.

आवळ्याचे आणखी एक. त्यातले क जीवनसत्त्व डायलिसिसच्या रुग्णाला थोडे लागते, डॉक्टर ते थोडे देतातही. पण जास्त झाले की शरीरात त्याचे ऑक्झलेट होते, तेही बाहेर पडायला मूत्रपिंडच हवे. हळदीतही ऑक्झलेट असते. आमटीतल्या हळदीला कुणी नाव ठेवत नाही, पण रोज चमचाचमचाभर हळद औषध म्हणून घेणे वेगळे.

आता बिंबलां. केरळात कोलेस्टेरॉल उतरते या समजुतीने काही लोक बिंबलांचा रस पेलाभर पिऊ लागले. त्यांतल्या दहा जणांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडली. २०१३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी’त ते सगळे आले आहे. सात जणांना डायलिसिस करावे लागले. कारण तेच, ऑक्झलेट. हुमणात चार बिंबलां टाकणारी आमची आई आणि त्याचा पेलाभर रस उपाशीपोटी पिणारा माणूस, फळ एकच. हा मात्रेचा फरक आपल्या आयांना कुठल्या प्रयोगशाळेने शिकवला नव्हता. आंबटाण म्हणून घालायचे, पोट भरायला नाही.

करमलाची कथा त्याहून विचित्र. तिथे ऑक्झलेट आहेच, पण दुसरेही काहीतरी होते जे मेंदूवर जाते. ते शोधून काढले ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली, आणि त्याचे नाव ठेवले ‘कॅरॅम्बॉक्सिन’. निरोगी माणसाचे मूत्रपिंड ते बाहेर टाकते, म्हणून आम्ही पोरे झाडावर बसून डझनभर खायचो तरी काही झाले नाही. विषाच्या नावात ‘कारांबोला’ हा पोर्तुगीज शब्द आहे, आणि कोशकार तो मराठीतल्या करंबलपर्यंत नेऊन पोचवतात. म्हणजे आमच्या परसातल्या फळाचे नाव पोर्तुगीज गलबतातून जगभर गेले आणि साडेचारशे वर्षांनी विषाला चिकटून परत आले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात बसून इथल्या औषधींवर ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात कापराच्या प्रकरणात करमलही आहे. ऑर्ताला कॅरॅम्बॉक्सिन कळायचे काही कारण नव्हते. मूत्रपिंडे गेलेला माणूस त्या काळी करमल खाण्याइतका जगतच नसे. यंत्राने माणसाला जगवले तेव्हा कुठे हे विष दिसले.

मी आयुर्वेदाच्या विरुद्ध बोलतो आहे असे कुणी समजू नये. आमच्याच धारगळला २०२२ च्या डिसेंबरपासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे, तालुक्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. मी माझ्या ओळखीच्या एका जुन्या वैद्यांकडे ती बाटली घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि बाजूला ठेवली. म्हणाले, “पुनर्नवा सुजेवर सांगितलेली आहेच. पण ग्रंथातल्या रोग्याला लघवी होत होती. तुझ्या भावाला होते का?” मी म्हटले, जवळजवळ नाही. “मग त्याच्या रक्ताचे कागद बघितल्याशिवाय मी त्याला तुळशीचं पानसुद्धा सांगणार नाही. आणि हा जो अर्क करणारा आहे, त्याने तुझ्या भावाला बघितलं तरी आहे का?” अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, २००४ साली ते छापून आले. ते मी त्यांना सांगितले, तेव्हा ते चिडले. माझ्यावर नाही, तसे बनवणाऱ्यांवर. नंतर त्यांनी स्वतःहून सापसंदाचा विषय काढला. आपल्या रानात साप चावल्यावर म्हणून ही वेल लोक राखतात. तिच्याच कुळातली एक चिनी वनस्पती बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत गेली, आणि १९९३ साली कळले की त्या घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडे झडून गेली होती. त्यातल्या आम्लाने पुढे कर्करोगही होतो. “झाडपाला आहे म्हणून निरुपद्रवी, हे आम्ही वैद्यांनी कधी म्हटलं?” ते म्हणाले. “झाडपाल्यात गुण आहे म्हणता, तर मग दोषही असणारच की.”

एक गोड प्रयोगही वाचनात आला. इस्राएलमध्येच २०१२ साली डायलिसिसच्या रुग्णांना वर्षभर डाळिंबाचा रस दिला, शंभर मिलिलिटर, आणि तोही यंत्र चालू असताना. गंज थोडा कमी झाला, संसर्गाने इस्पितळात जाणेही कमी झाले. शंभरेक माणसांचा लहानसाच प्रयोग, त्यावर इमारत बांधता येत नाही. पण रस यंत्र चालू असताना दिला ही गोष्ट मी भाईला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा त्या सगळ्या प्रकरणावर मनापासून हसला. त्याच्या शेजारच्या खाटेवर हळर्णचे एक गृहस्थ असतात. ते नर्सबाईंना विचारून, यंत्र सुरू झाल्याबरोबर डब्यातून आंब्याची एक फोड काढतात, आणि तेवढी एक फोड अर्धा तास खातात. “त्यांना इस्राएलला पाठवायला हवं होतं,” भाई म्हणाला.

डॉक्टरांना आता आम्ही सगळे सांगतो. वहिनीने एक वही केली आहे. कुणी काय आणून दिले, कुणी काय सुचवले, सगळे त्यात. लोक सुचवायचे थांबत नाहीत. पुनवेला भगवतीच्या देवळात भेटलेल्या एका बाईने कसला तरी पाला सांगितला, मुंबईच्या भाचीने हिरव्या चहाच्या गोळ्या पाठवल्या. वहिनी वही घेऊन बुधवारी जाते, डॉक्टर त्यावर फुल्या मारतात. एकदा त्यांनी चुकून पेजेवरही फुली मारली, त्यावर बरेच महाभारत झाले आणि अर्धी वाटी पेज परत मिळाली.

त्या गृहस्थांचा मला मधे फोन आला होता. बाटली आता नव्या रूपात आली आहे म्हणे, कॅप्सूलमध्ये, किंमतही कमी. मी काय झाले ते सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मात्रा चुकली असेल.” माझ्या कपाटात दोन बाटल्या अजून न उघडलेल्या आहेत. फेकून द्यायला हात होत नाही, आणि कुणाला देणे तर पापच.

वहिनीला ते करमलाचे झाड तोडायचे होते. एक मुलगा कुऱ्हाड घेऊन आलाही होता. भाईने त्याला चहा पाजून परत पाठवला. “झाडान कोणाक कितें केलां?” म्हणाला. मग त्या दोघांत तोडगा निघाला. फळ पिकायच्या आत आळीतल्या पोरांनी येऊन सगळे उतरवून न्यायचे, घरात एकही ठेवायचे नाही, आणि ज्याच्या घरी मूत्रपिंडाचा रोगी असेल त्याच्या पोराने झाडावर चढायचे नाही. पोरांना हा नियम भलताच आवडला आहे. ती चढण्याआधी एकमेकांची उलटतपासणी घेतात.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. रविवारच मुद्दाम निवडतो हल्ली. भाई पडवीत पेटी घेऊन बसला होता, डाव्या हाताने भाता हळू, अगदी हळू ओढत. मागल्या दारी पोरांचा कालवा चालला होता. त्यांतल्या एकाने एक मोठे पिवळे करमल आणून माझ्या हातावर ठेवले. भाईने पेटी थांबवली. म्हणाला, “आडवं काप बघू.” मी विळीवर कापले. त्याने ती चांदणी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, नाकाशी नेली, आणि मला परत दिली. “तू खा,” म्हणाला. “मीठ लाव पण.”

वहिनीने त्याला हात धुवायला लावले, साबणाने, दोनदा. मग त्याने पुन्हा भाता धरला.